अनवाणी उद्घाटन

८ फेब्रुवारी २०२६, रविवार

ही डायरी छायाने दिली. कृषी केंद्रातून फुकट मिळालेली, मागच्या पानांवर फवारणीचं वेळापत्रक छापलेलं. म्हणाली, "मैदान मैदान करून माह्ये कान किटले. आता याच्यात लिहा, अन् मले झोपू द्या."

बायको मास्तराची असली तरी मास्तरीण नाही, हे बरं.

तर आज मैदान खोदायला सुरुवात झाली. जेसीबीनं पहिला पंजा मारला तेव्हा मी तोंड फिरवलं, खोटं काऊन बोलू. या काळ्या मातीत मी इतकी वर्षं पोरं पळवली. पावसाळ्यात तिच्यात पाय घातला की चप्पल तिथंच राहते आणि माणूस पुढं जातो. उन्हाळ्यात अशा भेगा पडतात की खो-खोच्या पोरी पळताना मला देव आठवतो. ती सगळी माती कंबरभर खोलीपर्यंत काढून टाकायची. मग मुरूम, गिट्टी, पाण्यासाठी भोकाचे पाईप, आणि वर हिरवं कृत्रिम गवत. डोणगावपासून मेहकरपर्यंत असं मैदान मी तरी पाहिलेलं नाही.

संस्थेचे अध्यक्ष निवृत्तीभाऊ सगळ्यांसमोर म्हणाले, "सहदेव सर, निधी मी आनला. मैदान तुमचं. एक पोट्टा तिथं थुंकला तरी तुम्हाले विचारीन." छाती फुगली. फुगू द्यावी कधी कधी.

२२ फेब्रुवारी

पाईप टाकून झाले. कंपनीचा इंजिनिअर हर्षल, अकोल्याचा पोरगा, मिसरूड आता कुठं फुटलेलं. पण कामाचा पक्का. गिट्टीवर टँकर मोकळा करून दाखवला. एवढं पाणी, पण जिरलं कुठं ते कळलंच नाही. कोपऱ्यातल्या चेंबरमधून नाल्याकडे निवळशंख धार निघाली. गाव पाहायला जमलं होतं, टाळ्या वाजल्या.

हर्षल म्हणाला, "सर, एक सांभाळा. तुमच्या इथली काळी माती बुटाला चिकटून आत आली, की ती गवतात पसरलेल्या रबराच्या दाण्यांत बसते. मग खाली कितीही चांगले पाईप टाका, पाणी वरच तुंबते." मी म्हटलं, चिंता करू नको, माझ्या राज्यात मातीचा कण आत जाणार नाही. तो उन्हाळ्याचंही काहीतरी सांगत होता, दुपारचं आणि पाणी मारायचं, पण तेवढ्यात निवृत्तीभाऊंचा फोन आला आणि राहून गेलं.

१५ मार्च

गवत अंथरलं. गुंडाळ्या उलगडत गेल्या तसं डोळ्याला गार वाटायला लागलं. आजूबाजूला सगळं करपलेलं आणि मधे हा एवढा हिरवा तुकडा.

मी लगेच फाटकावर पाटी लावली. "चपला-बूट बाहेर काढावेत. आदेशावरून." खिचडी शिजवणाऱ्या झुंबरबाई पाहायला आल्या. त्यांनी पाटी वाचलीच नाही. बाहेरच चपला काढल्या, वाकून गवताला हात लावला आणि तो कपाळाला लावला. मी म्हटलं, "झुंबरबाई, देऊळ नाही हे." तर म्हणाल्या, "असू द्या जी. नव्या जागेत पायताणानं काऊन जावं?"

दुपारून जो आला तो असाच, कोणाला सांगावं लागलं नाही. मला बरंच वाटलं. आपल्या लोकांना शिस्त नाही म्हणतात, पण जिथं मानायचं तिथं मानतात.

समता आणि तिची मैत्रीण काजल धावून पाहून आल्या. समता नववीत आहे, माझ्या खो-खोच्या संघाची कप्तान. हे पोर पळायला लागलं की मी शिट्टी वाजवायची विसरतो. "सर, पाय भेगेत जाईन अशी भीतीच वाटत नाई," म्हणाली. २६ एप्रिलला अमरावतीला विभागीय निवड चाचणी आहे. तिथं निवड झाली की क्रीडा वसतिगृह, चांगला प्रशिक्षक, पुढचं शिक्षण, सगळं मार्गी लागतं. पुढल्या वर्षी ती या वयोगटात बसत नाही. म्हणजे हीच वेळ.

४ एप्रिल

उद्या उद्घाटन. पाहुणे सकाळी आठला. पोरांची कवायत तीन वेळा करून घेतली. रांगा सुतानं आखल्यासारख्या. सावधान म्हटलं की सावधान. डोळ्याची पापणी हलली तरी मला दिसते, हे पोरांना माहीत आहे.

सगळी पोरं अनवाणी उभी राहणार. गवतही स्वच्छ आणि दिसायलाही शोभेल. समता सगळ्यात पुढे, शाळेचा झेंडा घेऊन.

५ एप्रिल, रविवार

झालं बाप्पा उद्घाटन. झकास झालं.

आठचे पाहुणे दुपारी आले, ते असो. पोरं तोवर लिंबाखाली बसवली होती. गाडी वळणावर दिसली तशी मी शिट्टी मारली आणि एका मिनिटात रांगा उभ्या. सावधान! पाहुणे फाटकावरच थांबले. फटाके, औक्षण, फोटो. मग त्यांच्यासाठी अंथरलेल्या लाल पट्टीवरून मंडपात. नारळ फुटला. निवृत्तीभाऊंचं भाषण, आणि मग चक्क माझा सत्कार! शाल, श्रीफळ. दोन शब्द बोला म्हणाले. मी काही भाषणबाज नाही, पण आज जीभ सुटली. म्हटलं, मैदान गवतानं होत नाही, शिस्तीनं होतं, आणि शिस्त म्हणजे काय ते समोर पाहा.

आणि नेमकं तेव्हाच लहान वर्गातली पोरं नाचायला लागली. एक पाय वर, दुसरा पाय वर. बाया हसायला लागल्या. मग दोन-चार पळाली लिंबाखाली, त्यांच्या मागं अर्धी रांग. पाहुण्यांसमोर शोभा झाली. उद्या एकेकाला पाहतो.

एकटी समता हलली नाही. झेंडा सरळ, मान सरळ, कार्यक्रम संपेपर्यंत. पाहुणे माइकवर म्हणाले, "ही मुलगी बघा." मी शालीत मावत नव्हतो.

घरी आल्यावर छायाने विचारलं, "पोट्टे काऊन नाचून राह्यले होते हो?" मी म्हटलं, शिस्त नाही, दुसरं काय.

६ एप्रिल

काय लिहू.

सकाळी वर्ग अर्धे रिकामे. झुंबरबाई म्हणाल्या, "सर, पोट्टे दवाखान्यात हायेत. पाय भाजले त्यायचे." मला वाटलं चेष्टा करतात.

उपकेंद्रात गेलो. बाहेरच्या बाकावर माझ्या कालच्या रांगा बसल्या होत्या, पाय पुढे करून. समताची आई महामायाताई तिथंच परिचारिका आहे. ती खाली बसून एकेका पोराचे पाय धूत होती, मलम लावत होती. लहान पोरांना चटके बसलेत, फोड थोडे आहेत. पळाली म्हणून वाचली. मी ज्यांना आज धरून झोडणार होतो ती.

मी म्हटलं, "ताई, समता?"

ती वर न पाहता म्हणाली, "आत हाय. दोन्ही तळवे गेले. चालनं सोडा, टेकवता येत नाई. थांबा, पहिले हे लहाने होऊ द्या."

आत जायची माझी हिंमत झाली नाही. दारातून नुसते पाय दिसले, पांढरे, बांधलेले. मी परत आलो.

हर्षलला फोन केला, त्याच्यावर ओरडलो. तो शांतपणे म्हणाला, "सर, मी सांगितलं होतं. उन्हात तव्यासारखं तापतं, दुपारी वापरायचं नाही, वापरलं तर पाणी मारून, बूट घालून." सांगितलं होतं. मीच फोन घेतला होता.

२६ तारखेला चाचणी आहे. तिची निवड नक्की झाली असती. झाली असती काय लिहितोय मी, अजून दिवस आहेत.

८ एप्रिल

फाटकावरची पाटी मी सकाळी पोरं यायच्या आधी काढली. खिळ्यांची भोकं राहिली.

पालकांची बैठक होती. त्याआधी निवृत्तीभाऊंनी मला कोपऱ्यात घेतलं. "हे पाहा सर, पायताण कोनी काढायले लावलं, हे उकरायची गरज नाई. नवीन मैदान, पोट्ट्यायनं हौसेनं काढलं. तुमची नोकरी, माही संस्था. अन् एक पोरगी त्या वस्तीतली हाय, उगाच भलतं वळन लागायले नको." मी मान हलवली. हलवली म्हणजे काय, ती आपोआप हलली.

बैठकीत त्यांनी तेच सांगितलं आणि माझ्याकडे वळून विचारलं, "काऊन सर, बराबर ना?"

मी "हो" म्हणालो.

महामायाताई मधल्या रांगेत होती, ड्युटीच्या साडीत. तिनं माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं उठेल, बोलेल, चार शिव्या देईल. तिनं पर्स उचलली आणि निघून गेली. तिला उपकेंद्रात अजून पट्ट्या बदलायच्या होत्या. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

घरी जेवण गेलं नाही. छाया म्हणाली, "खरं सांगून टाकायचं होतं." मी तिच्यावर खेकसलो. सोपं असतं का?

९ एप्रिल

एक गोष्ट मी पाच तारखेला इथं लिहिली नाही. स्वतःच्या डायरीतही चोरी करतो मी.

मी बूट घालून होतो. त्या दिवशी गवतावर पोरांच्या रांगा लावत फिरलो तो पांढरे स्पोर्ट्स शूज घालून, छायाने धुऊन दिलेले. पाटी माझी, नियम माझा, पण माझ्या मनातही आलं नाही की हा मलाही लागू आहे. मास्तराला कुठं नियम असतो. म्हणून मला कळलं नाही खाली काय पेटलंय. आणि नंतर तर मी मंडपात होतो, सावलीत, शाल पांघरून.

आज दुपारी मैदानावर कोणी नव्हतं. बूट काढले, मोजे काढले, आणि समता जिथं उभी होती तिथं जाऊन उभा राहिलो. सावधान. मनात म्हटलं, माझ्या भाषणाएवढं तरी उभं राहू.

माझी सुरुवातीची "सन्माननीय व्यासपीठ" एवढी ओळही झाली नाही. उडी मारून बाहेर आलो, कुल्ल्यावर पडलो. झुंबरबाई शाळेच्या ओट्यावर तांदूळ निवडत होत्या. "काय करून राह्यले सर हे?" बादली घेऊन आल्या. "घाला पाय याच्यात. अन् घरी जा, कोनी पाह्यलं त येडा म्हनन."

माझे तळवे लाल झालेत. चालताना लंगडतो. लंगडताना थोडं बरं वाटतं, आणि त्याचीही लाज वाटते.

१० एप्रिल

समताच्या घरी गेलो, मोसंबी घेऊन. इतकी वर्षं या गावात आहे, तिच्या घरात आज पहिल्यांदा पाय ठेवला. तिच्या आजी सिंधूताईंनी खुर्ची पुसून दिली, चहा टाकला. मी कप नुसता हातात धरून बसलो.

समता खाटेवर, पाय उशीवर. मला पाहून उठायला लागली. मी म्हटलं, "अगं नको, नको." मग जे इतके दिवस डोक्यात होतं ते विचारलं. "बाळ, बाकी पोट्टे पळाले. तू काऊन नाही पळाली?"

"तुम्ही विश्राम म्हटलंच नाई, सर."

हजेरी द्यावी तसं म्हणाली. राग नाही, तक्रार नाही. मी आठवून पाहिलं. सावधान म्हटलं, पाहुण्यांकडे पळालो, मंडपात गेलो, शाल घेतली. नाहीच म्हटलं.

महामायाताई ड्युटीवरून आली. मी उभा राहिलो, हात जोडले. म्हटलं, "ताई, मला माफ करा."

ती म्हणाली, "बसा सर. माहीबी चूक हाय. मीच शिकवलं तिले, सर सांगतील ते सगळ्यायच्या आधी करायचं. आपल्याले नावं ठेवायले कोनाले जागा नको. म्हनून उभी राह्यली ते." मग तिचं लक्ष माझ्या पायांकडे गेलं. "तुमाले काय झालं?"

सांगितलं. वाटलं थोडी तरी निवळेल.

"मंग आता मी तुमच्याबी पायाले पट्ट्या बांधू का?" ती म्हणाली. "त्याच्यानं माह्या पोरीची चामडी येईन? माफी इथं नका मागू सर. इथं आमी तिघीच हाओ. 'हो' तुमी तिथं म्हटलं होतं, सगळ्यायच्या देखत."

सिंधूताई म्हणाल्या, "जाऊ दे व, चहा तरी पिऊ दे त्याले." पिऊन निघालो. मोसंबी तिथंच ठेवली, कोणी परत दिली नाही, हीच मेहरबानी.

१३ एप्रिल

उद्या जयंती. दरवर्षी वस्तीतल्या पोरांच्या शर्यती मीच लावतो, बक्षिसं मीच देतो. यंदा बोलावणार नाहीत असं धरून चाललो होतो. मनातून तसंच व्हावं वाटत होतं. पण संध्याकाळी वस्तीतले जानराव बाबा स्वतः आले. वयानं वाकलेत, पण आवाज खणखणीत. "सर, उद्या नेहमीसारखं. पोट्टे वाट पाह्यतात."

नाही म्हणता आलं नाही. ताप यावा म्हणून रात्रभर वाट पाहीन बहुतेक.

१४ एप्रिल

ताप आला नाही.

शर्यती झाल्या, विहारापुढच्या मातीच्या रस्त्यावर. नेहमीच्या पळणाऱ्यांत काहींच्या पायाला अजून पट्ट्या होत्या, ती कडेला बसून ओरडत होती. समता खुर्चीवर, मांडीवर बक्षिसांचे डबे. बक्षीस वाटपाला जानराव बाबांनी माइक माझ्या हातात दिला. शाळेतले दोन शिक्षक होते, गावातले बरेच जण होते, निवृत्तीभाऊंचा पुतण्याही होता.

मी म्हटलं, "मुलांनी चपला हौसेनं नाही काढल्या. मी काढायला लावल्या. पाटी मी लावली होती. इंजिनिअरनं सांगितलेलं मी ऐकलं नाही. पोरांना सावधान करून मी सावलीत जाऊन बसलो, आणि मी स्वतः बूट घालून होतो. बैठकीत मी हो म्हणालो ते खोटं होतं."

  मला वाटलं होतं बोलल्यावर हलकं वाटेल. कसलं काय! सगळ्यांसमोर कपडे काढल्यासारखं वाटलं. कोणी टाळी वाजवली नाही, कोणी शिवीही दिली नाही. जानराव बाबांनी माइक घेतला. "बसा सर. जेवून जासाल."

जेवलो. पंगतीत महामायाताई वाढत होती. माझ्या पानावर तिनं बाकीच्यांइतकंच वाढलं. कमी नाही, जास्त नाही.

१६ एप्रिल

निवृत्तीभाऊंनी बोलावलं. "हात दाखवून अवलक्षन करून घेतलं तुमी. संस्थेचं नाव घातलं मातीत." मैदानाची जबाबदारी माझ्याकडून काढली. पुढचं समिती ठरवणार. छाया म्हणाली, "ठरवू द्या. तुमच्या हातचं मैदान जाईन, हात त जात नाई ना."

मैदानाला आता दुपारी कुलूप असतं. व्हायला हवं होतं ते झालं, फक्त उशिरा.

२१ एप्रिल

समताचे तळवे भरून येत आहेत. नवी कातडी कांद्याच्या सालीसारखी पातळ. मेहकरचे डॉक्टर म्हणाले, चालायला हरकत नाही, पळायचं असेल तर तुमचं तुम्ही पाहा. काल संध्याकाळी ती काजलचा हात धरून मऊ मातीवर थोडी पळाली. मी लांब रस्त्यावर थांबून पाहत होतो. दुसऱ्या वळणावर तिनं मला पाहिलं आणि वेग वाढवला. मी मान खाली घालून घरी आलो.

२५ एप्रिल

मी बॅग भरून ठेवली होती. ग्लुकोज, कापूस, शिट्टी. पहाटेच्या एसटीनं मायलेकींसोबत अमरावतीला जायचं.

संध्याकाळी समता आली, सोबत काजल. बूट घालून आली होती, हळू चालत. दारातच उभी राहिली. छायाने आत ये म्हटलं तरी आली नाही.

"सर, उद्या तुमी नका येऊ."

मी म्हटलं, "अगं, पण पाळी कशी घ्यायची, कोणाचा पाठलाग..."

"ते येते मले." तिनं काजलकडे पाहिलं, मग जमिनीकडे. "तुमी कडेला असले का मी तुमच्याकडेच पाह्यते. दुखलं तरी पाह्यते. मंग थांबता येत नाई मले."

मी म्हटलं, "बरं."  बॅगेतला कापूस आणि ग्लुकोज तिच्याजवळ दिलं. ती वाकून पाया पडायला लागली तसा मी मागं सरकलो. तिला ते वाईट वाटलं असावं. पण मला नाही घेता आलं.

२६ एप्रिल, रविवार

दिवसभर फोन हातात. छायाने दोनदा जेवायला बोलावलं, तिसऱ्यांदा बोलावलं नाही. टीव्ही लावला, बंद केला. अंगणात गेलो, आलो.

ऊन उतरल्यावर महामायाताईचा फोन आला. मागं बसस्टँडचा कल्ला.

"सर, पहिल्या पाळीत लय भारी पळाली. तिघी बाद केल्या. तिथले सर एकमेकायले दाखवून राह्यले होते तिले."

मी म्हटलं, "आणि?"

"दुसऱ्या पाळीत टाच उकलली. बुटातून रक्त आलं. मी ओरडनारच, पन त्याच्या आधी तिनंच हात वर केला अन् बाहेर येऊन बसली. कोनाले इचारलं नाई, सर. कोनाकडे पाह्यलं नाई. माह्याकडेबी नाई." शेवटी म्हणाली, "निवड नाई झाली."

 मागं एसटीचा हॉर्न वाजला. मग म्हणाली, "गाडी लागली आता, ठेवा."

पुढल्या वर्षी ती या गटात बसत नाही. माझ्यामुळे त्या पोरीच्या हातचं गेलं ते गेलं, आणि ते कोणी परत देणार नाही. मला आज ढसढसा रडायला हवं होतं. पण तिनं आपणहून हात वर केला हे ऐकलं, आणि मला इतका आनंद झाला की मी फोन छातीशी धरून उभा राहिलो.

छाया बाहेर आली. "काय म्हने?"

"निवड झाली नाही," एवढंच सांगितलं. दुसरं सांगायची लाज वाटली.